तेलाची झारी लाल झाली तेव्हा

तंजावरहून तिरुवैयारु फार लांब नाही, बारा-तेरा किलोमीटर. पण एवढ्याशा रस्त्यात पाच पूल लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. तमिळमध्ये 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी, आणि पुढचा 'तिरु' म्हणजे आपलं 'श्री'. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. संत त्यागराजांची समाधी इथे कावेरीच्या काठावर आहे आणि दर जानेवारीच्या सुमारास, पुष्य वद्य पंचमीला, तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्नं गातात.

आमची गाडी चौथ्या पुलाच्या अलीकडे थांबली. म्हणजे खरं तर थांबवली. थांबवायची की नाही यावरून गाडीत चांगलंच भांडण झालं, आणि आजचं सदर त्या भांडणाबद्दल आहे.

आधी गाडीची ओळख करून देते. गाडी माझ्या मामाची, कोल्हापूरची. स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस. दिसायला साधी चार दारांची कौटुंबिक गाडी, पण २००४ साली ही भारतात आली तेव्हा गाडीवेड्या मंडळींनी तिच्यावर जीव टाकला होता. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण वीस, आणि ताकद १५० पीएस. त्या काळात एवढ्या पैशांत एवढी पळणारी गाडी दुसरी शोधावी लागायची. आपल्याकडे विकल्या गेलेल्या ऑक्टाविया औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या जायच्या, त्यामुळे मामा तिला 'मराठवाड्याची लेक' म्हणतो. त्याने ती जुनी घेतली. मी याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकले आणि तिचा एक बंपरही मीच फोडला.

मामी गेली चार-पाच वर्षं ऑनलाइन कर्नाटक संगीत शिकते. एकदा तरी आराधनेला जायचंच, असं तिचं ठरलं होतं. रेल्वेची तिकिटं मिळत होती, पण मामा म्हणाला, आपली गाडी असताना रेल्वे कशाला? हजारएक किलोमीटरचा प्रवास म्हणून त्याने निघण्याआधी मनापासून तयारी केली. टायर, ब्रेक, कूलंट, नवीन तेल, नवा फिल्टर आणि वर 'इंजिन फ्लश'सुद्धा. हा फ्लश लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

आता तो क्षण. संध्याकाळचे साडेपाच, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, आणि डॅशबोर्डवर लाल रंगाची तेलाची झारी. लहान मुलं तिला अल्लाउद्दीनचा दिवा म्हणतात, ती. सोबत तीन वेळा 'बीप'.

मामा म्हणाला, "काय नाय गं, सेन्सर असंल. जुन्या गाडीत हे चालायचंच. दहा मिनिटांत पोचतोय."

मला इंजिनातलं काही कळत नाही. मी इंग्रजीत बीए केलंय आणि लेख लिहून पोट भरते. मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे वाचणं. समोरच्या कप्प्यात गाडीचं मॅन्युअल होतं. त्यात या दिव्यापुढे अर्थ स्पष्ट लिहिला होता : थांबा, इंजिन बंद करा. 'जवळच्या गॅरेजला जा' असंही नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं. मामीने मागून मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामाने वैतागत गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल बरोब्बर वरच्या खुणेपर्यंत होतं.

"बघ. तेल फुल्ल आहे. उगाच थांबवलंस."

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

तुमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरलेली आहे, पण स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढी धार येतेय. टाकीत जाऊन बघितलं तर पाणी काठोकाठ. म्हणजे सगळं ठीक आहे का? नाही, कारण टाकीत पाणी असणं आणि नळाला दाब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीतली पट्टी टाकी मोजते. ती लाल झारी नळाचा दाब सांगते.

इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, आपले मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात. त्यात एक नळी बुडालेली असते, तिच्या तोंडाला जाळी. पंप त्या जाळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात जी फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, साधारण आपल्या केसाहूनही बारीक. त्या फटीत दाबाखाली तेलाचा पडदा उभा राहतो आणि पोलाद पोलादाला प्रत्यक्ष शिवतच नाही. दाब गेला की पडदा गेला. मग धातूवर धातू घासतो, आणि हे नुकसान व्हायला तास लागत नाहीत, वेगात असाल तर मिनिटं पुरतात. टर्बोवाल्या गाडीत आणखी एक काळजी. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, आणि तोही त्याच तेलाच्या पडद्यावर तरंगत असतो.

म्हणून 'दहा मिनिटांत पोचतोय' या वाक्याची किंमत एक अख्खं इंजिन असू शकते. मामाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मामीला दुसऱ्या दिवशी सकाळी समाधीपाशी बसायचं होतं, अंधार पडत होता, आणि माणूस अशा वेळी स्वतःला सोयीचं तेच पटवून देतो.

मामाने दोन फोन लावले. दोघंही जुने ओळखीचे, गाड्यांतले जाणकार. एक म्हणाला, सेन्सर आहे, वायर काढून टाक आणि बिनधास्त चालव. दुसरा म्हणाला, बेअरिंगं गेली, इंजिन उतरवावं लागणार, या गाडीवर आता एवढा खर्च कशाला करतोस, तिथेच भंगारात काढ आणि ट्रेनने ये. एकाच दिव्याचे दोन निकाल, तेही हजार किलोमीटरवरून, गाडी न बघता! मामा फोन खिशात ठेवून शेताकडे बघत उभा राहिला. त्याला मी असं गप्प फार कमी वेळा पाहिलंय.

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला थांबला. भाषा कळत नव्हती, पण उघडं बॉनेट सगळ्या भाषांत सारखंच. त्याने दोर काढला. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, किल्ली मात्र फिरवलेली, म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर एक लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन वेळा दाबल्यावर दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. ब्रेक लागतो, पण पाय जोरात रोवावा लागतो. मामाला घाम फुटला होता. उरलेले पूल आम्ही असे ओलांडले, ट्रॅक्टरमागे, बैलगाडीच्या वेगाने.

गावात त्याच्या ओळखीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. आत दोन ट्रॅक्टर, एक भात कापायचं यंत्र, डिझेल पंपांचे सुटे भाग. मामाचा चेहरा पडला. या शेडमध्ये आपली वीस व्हॉल्व्हची टर्बो कोण उघडणार? मेकॅनिकना सगळे 'अण्णा' म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. हा शब्द दोन्हीकडे चालतो, तेवढंच बरं.

बाकीचे शब्द मात्र चालेनात. मग शेजारच्या घरातून एक आजोबा आले. तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात इथे आले आणि त्यांच्यानंतर सरफोजीराजांपर्यंत मराठ्यांचं राज्य चाललं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या काळात आलेल्या घरांत आजही मराठी बोलतात, हे समोर उभं राहून ऐकल्यावर अंगावर काटा येतो. त्यांची मराठी आपल्यापेक्षा वेगळी, जुन्या वळणाची, मध्येच तमिळ शब्द. मामाची कोल्हापुरी त्यांना अर्धी कळायची, त्यांची आम्हाला अर्धी. दोन अर्ध्यांत काम झालं.

मामा सवयीने इंजिन चालू करून आवाज ऐकवायला गेला, तर अण्णा ओरडले, "वेंडाम, वेंडाम!" नको, नको. किल्ली काढून त्यांनी बाकावर ठेवली आणि आधी प्रश्न विचारायला बसले. चहा आला. मला वाटतं निम्मं निदान त्या चहातच झालं.

पहिला प्रश्न : दिवा कधी लागतो? गाडी उभी असताना, इंजिन गरम होऊन मंद चालू असताना, की वेगात?

हा प्रश्न फार कामाचा आहे. बेअरिंग झिजून फटी मोठ्या झाल्या असतील तर गरम, पातळ झालेलं तेल त्यातून भराभर निसटतं. तेव्हा दिवा बहुधा सिग्नलला उभं असताना लुकलुकतो आणि अॅक्सिलरेटर दिला की विझतो, कारण पंप जोरात फिरला की तेवढी गळती भरून निघते. याउलट जाळी तुंबली असेल तर मंद चालू असताना फारसं जाणवत नाही. पण वेग वाढवला, पंपाला जास्त तेल हवं झालं की ते मिळत नाही. दिवा वेगात लागतो. स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक पिऊन बघा. हळू ओढलं तर येतं, जोरात ओढलं तर स्ट्रॉच चिकटतो.

मामा म्हणाला, वेगात.

दुसरा प्रश्न : गाडी बंद करून थोडा वेळ थांबलात की दिवा जातो का?

मामा गप्प. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्रिचीच्या अलीकडे लागला होता एकदा. चहाला थांबलो. मग गेला. तंजावरच्या बाहेर परत."

म्हणजे आज ही तिसरी वेळ होती! आम्हाला कुणाला पत्ता नाही. मामीच्या गाण्यांचा आवाज मोठा होता आणि त्या बीपला मामा म्हणाला होता की मागचं दार नीट लागलं नसेल. मामी एक शब्द बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पण ही कबुलीच सगळ्यात मोठा धागा ठरली. जाळी तुंबलेली असते तेव्हा पंपाच्या ओढीने कचरा तिला जाऊन चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, कचरा सुटून तळाशी बसतो, दाब काही वेळ परत येतो आणि माणसाला वाटतं, झालं ठीक. झिजलेली बेअरिंगं अशी दहा मिनिटांच्या चहाने बरी होत नाहीत. बिघडलेला सेन्सर काय वाट्टेल ते करू शकतो, म्हणून त्याचा निकाल वेगळा लावावा लागतो.

तिसरा प्रश्न : तेल कधी बदललं, आणि आधी काय घालत होता?

आता फ्लश बाहेर आला. मामाने गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने काय घातलं ते कुणास ठाऊक. मामानेही मध्यंतरी काही वर्षं, गाडी कमी फिरते म्हणून, तेल दोन-दोन वर्षं बदललं नव्हतं आणि स्वस्तातलं जाड खनिज तेल भरलं होतं. टर्बोच्या उष्णतेने असं तेल भाजतं. लोखंडी कढईच्या बाहेरच्या बाजूला तेलाचा काळा चिकट थर बसतो ना, तसाच इंजिनाच्या आत बसतो. हा फक्त मामाच्या गाडीचा प्रश्न नाही. याच घराण्यातलं १.८ टर्बो इंजिन पसाट आणि आउडी ए४ मध्ये होतं. तेल गोठून गाळ होण्याच्या तक्रारी अमेरिकेत इतक्या वाढल्या की कंपनीने २००४ साली तिथल्या मालकांना त्या दुरुस्तीसाठी आठ वर्षांपर्यंतचं वाढीव संरक्षण दिलं. म्हणूनच या इंजिनाला फोक्सवॅगनच्या ५०२ ०० प्रमाणात बसणारं सिंथेटिक तेल वेळच्या वेळी लागतं.

बरं, तो थर भिंतींना चिकटून होता तोवर एक प्रकारे गप्प होता. निघायच्या आठवड्यात मामाने फ्लश केला. त्याने थर सोडवला, पण विरघळवून पूर्ण बाहेर काढला नाही. सुटलेल्या खपल्या चेंबरमध्ये पडल्या आणि हजार किलोमीटरच्या प्रवासात एकेक करून जाळीपाशी पोचल्या. मामाने गाडीची काळजी घेतली, आणि त्या काळजीनेच ती बंद पडली. अण्णांनी हे आजोबांना सांगितलं, आजोबांनी आम्हाला, आणि मामा खाली बघून कानाची पाळी चोळत बसला.

एवढं सगळं जुळत असूनही अण्णा म्हणाले, अजून हा अंदाज आहे. आधी मोजू.

मोजायला त्यांच्याकडे काय होतं माहितेय? ट्रॅक्टरचं गेज. आपल्या मोटारींत कंपन्यांनी नुसता दिवा ठेवला, पण ट्रॅक्टरच्या डॅशवर तेलाच्या दाबाचा खरा काटा बऱ्याचदा असतो. त्यामुळे भातशेतीच्या गावात तेलाचा दाब ही रोजची भाषा आहे. शहरातल्या चकचकीत वर्कशॉपमध्ये संगणक जोडून जे वाचतात त्यात या गाडीचा तेलाचा दाब आकड्यात दिसतच नाही, कारण तिथे आकडा मोजणारा सेन्सरच नाही. आहे तो एक स्विच. सुमारे १.४ बारच्या आसपास तो उघडतो-मिटतो, बस. 'आहे' किंवा 'नाही', एवढंच तो सांगू शकतो.

तो स्विच फिल्टरच्या बैठकीवर असतो. अण्णांनी तो काढला. त्याचे आटे १० मिलिमीटरचे, बारीक. ट्रॅक्टरच्या नळीला ते बसेनात, तेव्हा एक पोरगा सायकलवर लेथवाल्याकडे गेला आणि अर्ध्या तासात पितळी जोड करून घेऊन आला. तांब्याची वायसर, नळी, काटा. इंजिन अजून चांगलं कोमट होतं, ते थोडं चालवून पुरतं गरम केलं. हे तापमान महत्त्वाचं आहे. थंड तेल घट्ट असतं आणि दाब खोटा जास्त दाखवतं, त्यामुळे गार इंजिनावर घेतलेलं माप तुमची समजूत काढतं, निदान करत नाही.

मंद चालू असताना काटा दीडच्या जरा वर. म्हणजे दिवा विझलेला राहण्याइतका. अण्णांनी हळूहळू रेस दिली. दोन हजार फेऱ्यांपर्यंत काटा थोडा चढला. पुढे तीन हजाराकडे नेलं, तसा तो थरथरला आणि खाली यायला लागला. त्यांनी लगेच किल्ली फिरवली. सगळं मिळून एक मिनिटही नसेल.

ढोबळ नियम असा सांगतात की गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांना सुमारे दहा पीएसआय, म्हणजे ०.७ बारच्या आसपास दाब हवा. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरावा. पण आकड्याहून महत्त्वाची होती काट्याची चाल. फेरे वाढले की दाब वाढायला हवा, इथे तो पडत होता. सेन्सर निर्दोष सुटला. तो बिचारा खरं बोलत होता आणि दिवसभर त्यालाच खोटं ठरवलं जात होतं.

मामाने विचारलं, जाड तेल घालून दाब वाढणार नाही का? हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, कारण तो गावोगावी विचारला जातो. झिजलेल्या बेअरिंगला जाड तेलाने काटा थोडा वर दिसतो, हे खरं. पण तुंबलेल्या जाळीतून पातळ तेल जात नसेल तर जाड कसं जाणार? उलट लवकर अडेल. आणखी फ्लश? शेडमधल्या पोराने डिझेल टाकून धुवायचं सुचवलं होतं. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाने आवरायला निघून गेला.

रात्री आम्ही लॉजवर. मामीने कुणाला न विचारता गावच्या प्रसिद्ध अशोका हलव्याचा पुडा आणला होता, मूगडाळीचा, तुपात निथळणारा. मामाने खाल्ला नाही. तो कागदावर हिशेब मांडत होता : जाळी निघाली तर एवढे, पंप गेला असेल तर एवढे, बेअरिंगं गेली असतील तर... तिथे त्याने आकडा न लिहिता रेघ ओढली होती.

सकाळी मी आणि मामी रिक्षाने समाधीकडे गेलो. मामा शेडमध्ये. आम्ही मांडवात दाटीवाटीने बसलो होतो तेव्हा मामा गाडीखाली आडवा होता. या इंजिनाचं चेंबर काढणं किचकट. वीसएक बोल्ट, त्यातले मागचे दोन गिअरबॉक्सच्या आड लपलेले, टर्बोकडून तेल परत आणणारी नळी आधी सोडवायची, आणि चेंबरला गॅस्केट नाही, सीलंटने चिकटवलेलं. शेडमध्ये रेडिओ लावलेला होता, पंचरत्नं आकाशवाणीवरून थेट ऐकू येतात. मामा सांगतो, नाट राग सुरू झाला तेव्हा बोल्टला पाना लागला आणि वराळीच्या वेळी जाळी हातात आली. मामीला हे इतकं आवडतं की खरं-खोटं करायला कुणी जात नाही.

जाळी मी नंतर पाहिली. दुधाच्या भांड्याच्या बुडाची खरवड असते ना, तशा काळ्या खपल्यांनी ती तीन चतुर्थांश बंद झाली होती. गंमत म्हणजे त्यात तपकिरी प्लॅस्टिकचे दोन तुकडेही होते. या इंजिनात वरच्या कॅमशाफ्टना जोडणारी एक छोटी साखळी असते, तिला ताणून धरणाऱ्या भागावर प्लॅस्टिकची पट्टी असते, ती वयाप्रमाणे ठिसूळ होते. तुकडे तिथलेच. म्हणजे जाळीने तेलाबरोबर पुढच्या एका कामाचीही सूचना दिली.

आता खरी भीती : बेअरिंगं. तीन वेळा दिवा लागूनही गाडी चालवली होती. अण्णांनी जुना फिल्टर करवतीने कापला, आतला कागद उलगडला आणि उन्हात धरला. धातू झिजला असेल तर तिथे चमचम दिसते, बेअरिंगच्या आतला थर उघडा पडला असेल तर तांबूस झाक. मामाने आणि आजोबांनी दोन्ही बाजूंनी डोकं घालून पाहिलं. कागद काळा होता, नुसता काळा. मग अण्णांनी खालून एकेक कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ढकलून पाहिला, खुळखुळ नाही. तेलात दुधाळ फेस नव्हता, म्हणजे पाणी मिसळलेलं नाही. पट्टीला पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे तेल पेट्रोलने पातळ झालेलं नाही. पंपाची साखळी ताणून पाहिली, दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकलाय का ते पाहिलं. दोन्ही ठीक.

मग धुलाई. नळी, जाळी, चेंबर, सगळं बाहेर काढून, हाताने. नळीच्या सांध्यातली रबराची रिंग कडक झाली होती, ती बदलली. ही छोटीशी रिंग विसरू नका. ती चिरली तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि सगळं काम वाया जातं. नवा सीलंट लावून चेंबर चढवलं आणि अण्णांनी बजावलं, उद्या सकाळपर्यंत तेल घालायचं नाही, सीलंट वाळू दे. मामाला त्याच दिवशी निघायचं होतं. तो काही बोलला नाही. यावरून तुम्ही समजून घ्या तो किती बदलला होता.

मुक्काम वाढला. संध्याकाळी आम्ही तिघं कावेरीच्या घाटावर बसलो आणि मामाने दोन दिवसांचा हलवा एकदम खाल्ला.

दुसऱ्या दिवशी साडेचार लिटरच्या आसपास नवं तेल, नवा फिल्टर. अण्णांनी इंजिन लगेच चालू केलं नाही. इग्निशनचा फ्यूज काढून आधी नुसता स्टार्टर थोडा थोडा फिरवला, कोरड्या वाटांत तेल भरेपर्यंत. काटा हलला, मग फ्यूज लावला. इंजिन गरम झाल्यावर मंद चालीत काटा दोनच्या वर, दोन हजार फेऱ्यांना साडेतीनच्या पुढे, तीन हजाराला आणखी वर, आणि तिथे स्थिर. आजोबा म्हणाले, झालं. एवढं मात्र आम्हाला पूर्ण कळलं.

परत येताना मामा टर्बोला सांभाळून चालवत होता. बंद करण्याआधी मिनिटभर मंद चालू ठेवायचा, गरम टर्बोत तेल अडकून भाजू नये म्हणून. हजार किलोमीटर झाल्यावर कोल्हापुरात तेल पुन्हा बदललं, कारण भिंतींवरचं सगळं एका धुण्यात जात नाही, आणि ते तेल चहासारखं काळं निघालं. साखळीचा ताणणारा भागही बदलला. भंगाराचा सल्ला देणाऱ्याला मामाने गाडीतून जेवायला नेलं.

तुमच्या गाडीला टर्बो नसेल, तरी आज एक करून बघा. किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत ती लाल झारी दिसायला हवी आणि इंजिन चालू केल्यावर एक-दोन सेकंदात विझायला हवी. किल्लीवर ती लागतच नसेल तर दिवा किंवा स्विच मेलेला आहे आणि वेळ आल्यावर तो तुम्हाला काहीच सांगणार नाही. आणि लागलीच कधी रस्त्यात, तर तुमच्या शेजारी 'सेन्सर असंल' म्हणणारा मामा बसलेला असेलच. त्याला आधी विचारा, ही कितवी वेळ आहे.

अण्णांनी निघताना तो पितळी जोड मामाला दिला, पैसे घेतले नाहीत. कोल्हापुरात मामाने ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून एक गेज आणलं आणि त्या जोडासकट फडक्यात गुंडाळून समोरच्या कप्प्यात ठेवलं, मॅन्युअलच्या शेजारी. मॅन्युअलमध्ये त्या पानावर मी लॉजचं बिल खूण म्हणून घातलंय.